सांदवाडीतले सहा भेदरे

शाळेत मी टोमॅटोला टोमॅटो म्हणायचे, घरी टमाटर म्हणायचे, आणि सुट्टीत मुर्रीला मोठ्या आईकडे गेले की तिथे त्यालाच भेदरा म्हणत. या तिसऱ्या शब्दाची मला लहानपणी फार धास्ती होती. आमच्या इंग्रजी शाळेतल्या मराठीच्या पुस्तकात एका धड्यात 'भेदरलेली मुलगी' होती, आणि बाईंनी त्याचा अर्थ इंग्रजीतून समजावून सांगितला होता. त्यामुळे पाहुणे बसलेले असताना मोठी आई आतून "भेदरा आन व सांदवाडीतून" असं ओरडली, की मला वाटायचं ती माझ्याबद्दलच काही बोलते आहे. पाहुणे आले की मी दाराआड उभी असायचे, तेव्हा ते नाव मला चुकीचंही वाटलं नाही. खरा अर्थ कळला तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावला परत जाताना बाबा मोटरसायकलवर अर्ध्या रस्त्यापर्यंत हसत होते.

आता दोन वर्षं झाली, मी मुर्रीलाच राहते. मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला काम मिळालं. गोरेगावहून रोज येण्यापेक्षा मुर्री बरी, स्कूटीने पंधरा मिनिटांत लॅब. मोठे बाबा त्याच वर्षी पोळ्यानंतर गेले. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन रायपूरला असते. त्यामुळे घरात आम्ही दोघीच, आणि घरामागे सांदवाडी. सांदवाडी म्हणजे परसबाग, पण परसबाग म्हटलं की मला काहीतरी आखलेलं डोळ्यांसमोर येतं. इथे वाल, पपई, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या, एक हातपंप, कपडे धुवायचा दगड आणि काटेरी फांद्यांचं कुंपण. कुंपणापलीकडे काकीचं अंगण. काकी आमच्या नात्यातली नाही. ती आणि तिचा नवरा उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या कामाला जंगलाकडे जातात, बाकी वर्षभर शेतमजुरी करतात. तिच्याकडे एक गाय आहे आणि एक काळी बकरी.

मोठे बाबा सांदवाडीत दरवर्षी एकाच जातीचे भेदरे लावायचे. लहान, चपटे, कडेने पाकळ्या पाडल्यासारखे, आणि इतके आंबट की डाळीत दोन पुरत. साल पातळ, त्यामुळे बाजारात नेण्यालायक नाहीत, दोन दिवसांत फुटतात. ते बी त्यांच्या आईकडून आलेलं. दरवर्षी माघ-फाल्गुनात एक-दोन फळं झाडावरच जास्त पिकू देऊन ते बी काढायचे, चुलीतल्या राखडीत घोळवून वाळवायचे आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून फळीवर ठेवायचे. धानाला ते फवारणी करायचे, पण सांदवाडीत कधी औषध मारलं नाही. "हे घरच्या तोंडात जाते," एवढंच म्हणायचे.

ते गेले त्या साली बाटलीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. सांदवाडीही पडून राहिली. पुढच्या दसऱ्यानंतर मोठ्या आईने बाटली उघडली तर बियांना बुरशी आली होती, गोळा झाला होता. तिने तो गोळा कुटून सगळाच्या सगळा एका फुटक्या घमेल्यात पेरला. रोज सकाळी जाऊन पाहायची. सहा रोपं आली. बाबांनी गोरेगावच्या बाजारात रोपंवाल्यांना विचारून पाहिलं, त्यांच्याकडे सगळी कंपनीची. असा भेदरा कोणाकडेच नव्हता.

सहा रोपं वाफ्यात लावून झाल्यावर मोठी आई हात धूत म्हणाली, "हे गेले तं मंग झालं."

तिने ते भाजीत मीठ नाही म्हणावं तसं म्हटलं. पण त्यानंतर दोन महिने मी तिला दुसऱ्या कशाची इतकी राखण करताना पाहिलं नाही.

पहिला डाग मी पाहिला. पौषात चार दिवस आभाळ होतं, सकाळी धुकं इतकं की हातपंप दिसायचा नाही, आणि एक दिवस भुरभुर पाऊसही झाला. पाचव्या दिवशी लॅबला निघण्याआधी मी दात घासत तिथे उभी होते, तेव्हा कडेच्या झाडाच्या अगदी खालच्या पानावर एक तपकिरी डाग दिसला. वाकून पाहिलं तर त्या डागाच्या आत गोल, त्याच्या आत अजून एक गोल, कापलेल्या लाकडावर दिसतात तशी वलयं. भोवती पिवळं. शेजारच्या झाडावरही दोन.

मी फोटो काढला आणि लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत शोधत बसले. इंग्रजीतलं नाव लगेच सापडलं. खाली मराठीत लिहिलं होतं: करपा.

आमच्या भागात करपा हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. धानावर करपा येतो. टोमॅटोचा करपा वेगळा, धानाचा वेगळा, हे मी दहा मिनिटांत वाचून घेतलं होतं, पण मोठ्या आईच्या कानाला तो एकच शब्द लागणार होता. ज्या वर्षी करपा आला त्या वर्षीच्या गोष्टी मी तिच्याकडून ऐकल्या होत्या. शेत भाजल्यासारखं दिसायचं म्हणे.

त्यात माझं काम असं. मी काउंटरवर बसते. रिपोर्ट छापायचा, पाकिटात घालायचा, पाकीट द्यायचं. आत काय लिहिलं आहे ते आम्ही सांगायचं नसतं, डॉक्टर सांगतील. लोक पाकीट घेताना माझ्या तोंडाकडे बघतात. दोन वर्षांत मी ते तोंड नीट सांभाळायला शिकले. मुळात मला बोलायचं जिवावर येतं, त्यात हा नियम मिळाला, तेव्हा बोलायचं नाही याची मला सवयच लागून गेली. त्या दिवशी घरी आले तेव्हा मोठ्या आईने विचारलं, "कशे हायेत भेदरे? मस्त वाढून राहिलेत ना?" मी म्हटलं, "हो."

मग मी एक उपाय काढला. डागाचं पान दिसलं की लगेच तोडावं आणि झाडापासून लांब नेऊन टाकावं, असं वाचलं होतं. उकिरड्यावर टाकायचं नाही, कारण उकिरड्याचं खत पुन्हा वाफ्यात येतं. म्हणून रोज सकाळी मोठी आई चूल पेटवत असताना मी मागे जायचे, डागाची पानं तोडायचे, एका पिशवीत बांधून डब्याच्या थैलीत ठेवायचे आणि गोंदियाला जाताना रस्त्यात कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. कधी कधी टाकायचं विसरायचे.

एवढं करूनही डाग वर चढत होते. का, ते मला तिसऱ्याच दिवशी कळलं, आणि ते कळल्यावर मी आणखीच गप्प झाले.

माझी सुट्टी तीनला होते, त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता मी घरीच असते. पाच म्हणजे मोठे बाबा शेतावरून यायची वेळ. ते आले की मोठी आई उठून बादली भरायची, लोटा घेऊन मागच्या दारात उभी राहायची आणि त्यांच्या पायांवर पाणी टाकायची. आमच्याकडे पाहुण्यालाही आधी पाय धुवायला पाणी देतात, मग प्यायला. ते गेल्यावरही पाच वाजले की ती उठायची, बादलीशी जायची आणि परत येऊन बसायची. एक वर्ष मी ते पाहत होते. भेदऱ्याची रोपं लागल्यापासून ती बादली भरून सांदवाडीत जायला लागली होती. एकेका झाडापुढे उभी राहायची आणि लोट्याने वरून, शेंड्यावरून, हळूहळू पाणी सोडायची. पानांवरची धूळ बोटांनी पुसायची. सहाही झाडं निथळत असायची.

त्याने काय होतं ते मी वाचलं होतं. संध्याकाळचं पाणी रात्रभर पानावर राहतं आणि मातीतला रोग शिंतोड्यांबरोबर पानांवर येतो. खालून वर. मी सकाळी चार पानं तोडत होते आणि ती संध्याकाळी मायेने तो रोग सगळीकडे पोचवत होती. हे तिला कसं सांगायचं, ते मला कळेना. मी रोज मनात वाक्य तयार करायचे. त्यातलं एकही मराठी वाटायचं नाही.

त्याच आठवड्यात मी कृषी केंद्रात गेले. लॅबमधून निघून, चुन्नी सारखी करून, दुकानाच्या समोरून दोनदा जाऊन मग आत शिरले. गोंदियात दुकानात हिंदीच चालते. दुकानदाराने माझ्या फोनवरचा फोटो पाहिला आणि मागे न वळताच फळीवरून एक बाटली काढली.

"ये मार दो मॅडम, आठ दिन में साफ. कितने एकड है?"

"छह पौधे हैं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. शेजारी युरियाच्या पोत्यावर बसलेला एक माणूस हसला.

"घर के हैं," मी म्हटलं, "खाने के."

"खाने का ही तो सब है मॅडम," तो म्हणाला, आणि बाटली परत ठेवली. चिडला नव्हता. निंबोळीच्या तेलाची एक लहान शिशी काढून दिली. "इस से मरेगा नहीं, पर आपका मन रहेगा."

शिशी मी कपाटात साड्यांमागे ठेवली. फवारणी करायची तर मोठ्या आईला दिसणार.

बाराव्या की तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी केस धुवून खिडकीत उभी होते तेव्हा कुंपणाजवळ आवाज चढला.

"तुया बकरीले सांभारून ठेव जी," मोठी आई म्हणत होती. "माह्या भेदऱ्याचा पाला खाऊन राहिली रोज."

"माही बकरी?" काकी म्हणाली. "तिच्या गऱ्यात दोरी हाये."

"दोरी काय, कुतरून टाकते ते."

"म्हणजे दोरी कुतरते, तुया घरी येते, पाला खाते, आन वापस येऊन सोताच गाठ मारते. एवढी हुशार असती तं तिलेच मजुरीले पाठवली असती मी."

"मालकिनीवर गेली असन."

"पाह्य बाई. बकरी खाईन तं शेंडा खाईन. खालचं पिवरं पान सोधून सोधून कोन खाते? सयपाकात तुले चव नाई आन आता गोष्टीतबी नाई."

"माह्या सयपाकाले नाव नको ठेवू. मागच्या मयन्यात वाटी घेऊन कोन आलं होतं?"

"मीठ घालून खाल्लो मंग घरी जाऊन."

इथपर्यंत ते रोजच्यासारखं होतं. दोघी अशाच बोलतात. पण मग मोठी आई म्हणाली, "हसू नको. ते त्याईचं बी हाये. सहाच हायेत. तुया बकरीनं खाल्लं तं मी तुया दारात पाय नाई ठेवनार." काकीने बकरी सोडली आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, भर उन्हात, खुंटीला नेऊन बांधली.

बकरी ओरडत राहिली. मी खिडकीत कंगवा घेऊन उभी. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी केस विंचरले.

दुपारी मोठी आई माझी डब्याची थैली धुवायला घेऊन बसली. मी नको म्हणेपर्यंत तिने ती दगडावर उलटी केली होती. डब्याआधी शनिवारची पिशवी बाहेर पडली. गाठ सोडून तिने आत पाहिलं. पानं काळपट झाली होती, चिकटली होती.

"हे काय व? डब्यात भेदऱ्याचा पाला कोनाले नेऊन राहिलीस? तुया डाक्टरले?"

मी तिच्या समोर उकिडवी बसले. उभं राहून बोलणं मला जमलं नसतं.

"मोठी आई, बकरी नाही खात. मी तोडते."

"काऊन?"

"झाडांना रोग आहे."

"कोनता?"

मी दुसरा शब्द शोधत होते. सापडला नाही. "करपा."

तिने थैली खाली ठेवली. हाताला साबण तसाच होता. एक पान उचलून तिने उजेडाकडे धरलं, डागाची वलयं पाहिली.

"कवापासून मालूम हाये तुले?"

"बारा-तेरा दिवस."

"तेरा दिवस तू मुक्यानं तोडून राहिलीस. आन मी तिले बकरीवरून बोललो."

आमच्याकडे बायकाही 'मी बोललो' म्हणतात. शाळेत मी एकदा तसं लिहिलं तेव्हा बाईंनी लाल शाईने गोल केला होता, तेव्हापासून माझ्या तोंडून ते कधी आलं नाही. त्या दुपारी मात्र मला वाटलं, ती बोलते तसं आपल्याला येत असतं तर हे सगळं तेरा दिवस आधी सांगून झालं असतं. मी तिला म्हटलं, हा धानाचा करपा नाही, वेगळा आहे, सगळं शेत जाळत नाही. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. ती उठली, हात धुतले, कुंपणाशी गेली आणि काकीला हाक मारली.

"बकरी सावलीत बांध," ती म्हणाली. "चोर घरचाच निघाला."

काकी आली. येताना हातात काहीतरी निवडायचं घेऊन आली, म्हणजे बसायच्या तयारीने आली. तिने सहाही झाडं खालपासून पाहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे पोरगी बोलते तं. मले वाटलं तुमी मुकीच आनली घरी." मोठी आई हसली नाही, पण तिचा राग कुठे तरी सैल झाला. काकीच्या घरी आंबट ताक होतं. तिची आई पानावर रोग आला की जुनं ताक पाण्यात मिसळून शिंपडायची, म्हणे. मी म्हटलं, तेही वाचलं आहे. "वाचलंस?" काकी म्हणाली. "माही माय तं शाळेत गेली नवती."

पण मुख्य गोष्ट अजून सांगायची राहिली होती. पाच वाजले. मोठी आई उठली, बादली भरली, लोटा घेतला. मी तिच्या मागे मागे गेले. ती पहिल्या झाडापुढे उभी राहिली आणि हात वर केला.

"वरून नको टाकू," मी म्हटलं.

"काऊन? माती बसते पानाइवर."

पान ओलं राहतं, शिंतोडे उडतात, रोग चढतो, हे सगळं मला येत होतं. तेरा दिवस मी तेच घोकत होते. पण ते सांगणं म्हणजे तूच केलंस असं तिला म्हणणं. लोटा तिच्या हातात तसाच होता, थोडं पाणी तिच्या मनगटावरून गळत होतं.

"पाय धुवायला दे फक्त," मी म्हटलं. "डोक्यावरून नको. मोठे बाबा आले की तू पायांवर द्यायचीस तसं."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते गेल्यापासून घरात त्यांच्याबद्दल आम्ही असं काही बोललोच नव्हतो. ती 'त्याईचं', म्हणजे 'त्यांचं', एवढंच म्हणायची, आणि मी काहीच म्हणायचे नाही. मला वाटलं आता ती रडेल, आणि ती रडली तर मी काय करणार.

ती खाली बसली. पदर गुडघ्यात खोचला, खालची पानं एका हाताने बाजूला केली आणि बुंध्याशी हळूच पाणी सोडलं. माती पाणी पीत होती, तिकडे पाहत राहिली. दुसऱ्या झाडाशी सरकली. तिसऱ्याशी सरकताना म्हणाली, "त्याईलेबी तोंडावर पानी चालत नवतं. शिंका येत. पायच म्हणत, पायच धू दे."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तुले कसं मालूम राहीन. तू आली का दाराच्या मागं उभी."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. दोघींनी मिळून सगळी झाडं तपासली. दोन तर अर्ध्याच्या वर करपली होती, ती मोठ्या आईने स्वतः उपटली. मी उपटायला वाकले तर मला बाजूला केलं. ती झाडं आणि पिशवीतली पानं आम्ही अंगणाच्या कोपऱ्यात जाळली. उरलेल्या चार झाडांची खालची वीतभर पानं काढून टाकली, बांबूच्या काड्यांना जुन्या साडीच्या चिंध्यांनी झाडं बांधली, आणि बुंध्याभोवती तनस, धानाचा पेंढा, पसरला, म्हणजे पाणी टाकलं तरी माती उडून पानावर येणार नाही. आंबट ताक गाळून बाटलीत भरलं. साड्यांमागची शिशीही मी काढून आणली. ती पाहून मोठी आई म्हणाली, "अजून काय काय लपवून ठेवलं हायेस, एकदाच सांग." मी म्हटलं, एवढंच. ते खरं होतं.

ताक आणि निंबोळीचं तेल आम्ही आलटून पालटून सकाळी उन्हात फवारायचो. काकीने मूठभर राखड आणून बुंध्याशी टाकली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. यातल्या कशाने फरक पडला ते मला सांगता येणार नाही. पानं काढल्याने, तनसाने, पाणी खाली दिल्याने पडला असेल. माघ लागता लागता धुकं गेलं आणि चांगलं ऊन पडायला लागलं, त्यानेही पडला असेल. तरी एक झाड गेलंच. एक धड जगलंही नाही, मेलंही नाही, असं राहिलं, खाली बोडकं, पानांवर डाग, पण त्याला फळं मोठी धरली. दोन झाडं स्वच्छ वर गेली.

डागाचं पान दिसलं की आता मी लगेच सांगायचे. मोठी आई "तोड मंग" एवढंच म्हणायची, जणू मी दूध उतू जातंय असं सांगितलं.

माघ पौर्णिमेच्या जत्रेला काकी आणि तिचा नवरा कचारगडला निघाले, चार दिवसांसाठी. गाय तिच्या दिराकडे दिली. बकरी दोरीला धरून ती आमच्या दारात आली.

"ठेव," ती मोठ्या आईला म्हणाली. "तुये भेदरे खात असते म्हनते ना. आता डोऱ्यासमोर खाऊ दे."

"एक पान जरी गेलं तं वापस येऊन तुले फक्त दोरी भेटन," मोठी आई म्हणाली, आणि दोरी घेतली. चार दिवस बकरी पुढच्या दाराशी बांधलेली होती आणि तिला माझ्या ताटातल्या पोळीचा तुकडा दोन्ही वेळा मिळत होता. काकीने परत येताना नारळाचा प्रसाद आणला, माझ्या हातावर ठेवला आणि बकरीकडे पाहून म्हणाली, "हे लट्ठ काऊन झाली?"

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, मी लॅबमधून आले तेव्हा मोठी आई मागच्या पायरीवर बसली होती. पुढ्यात ताटलीत तीन भेदरे, सुरी, आणि शेजारी राखडीची वाटी. दोन लहान होते, गच्च लाल, कडेला पाकळ्या पडलेले. तिसरा तळहातात मावणार नाही एवढा, खूपच देखणा.

"बी काढून राहिलो," ती म्हणाली. "हे पाह्य केवढा हाये. असा तं त्याईनंबी नाई पिकवला. याचंच बी जास्त ठेवू."

तो कोणत्या झाडाचा ते मला बघताच कळलं. तिलाही माहीत होतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं, आणि तिने सुरी आधीच त्या मोठ्या फळावर ठेवली होती.

"याचं नको," मी म्हटलं. थैली अजून खांद्यालाच होती. "हा त्या डागाच्या झाडाचा. याच्या बियात रोग येऊ शकतो."

सुरी थांबली. तिने फळ उलटून देठाकडे पाहिलं, अंगठ्याने पुसलं.

"पक्कं?"

"पक्कं नाही. येऊ शकतो."

"मंग कायले घ्या," ती म्हणाली. तिने ते बाजूला ठेवलं आणि दोन लहान भेदरे कापले. बोटाने बिया वाटीतल्या राखडीत काढल्या, हळूहळू चोळून मोकळ्या केल्या आणि कागदावर पसरल्या. मग कागदाच्या मधून बोट ओढून बियांचे दोन भाग केले. एक वाटा माझ्याकडे सरकवला.

"हे तुया कपाटात ठेव. माह्याकडचं भिजलं तं तुयाकडचं राहीन. सुकलं का डब्बीत घाल. आन मधी मधी उघडून पाह्य, उनीत ठेव, मी सांगनार नाई दर खेपी."

"बरं," मी म्हटलं.

मोठा भेदरा तिथेच होता. तिने त्याच्या चार फोडी केल्या, आतून मीठ आणलं. आम्ही दोघी पायरीवर बसून खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. आंबटपणाने तिने एक डोळा मिटून घेतला आणि म्हणाली, "रोगी असून असा लागते." मग चौथी फोड हातात घेऊन तिने कुंपणापलीकडे काकीला हाक मारली.